वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्डेकाई वोल्फ हाफकिन (१५ मार्च, १८६० – २६ ऑक्टोबर, १९३०) हे पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन रोगांवर लसी तयार करून त्या हजारो लोकांवर वापरून दाखवणारे जिवाणुशास्त्रज्ञ होते. जन्माने ते रशियन साम्राज्यातील ज्यू होते. त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचे कार्य मात्र भारतात, विशेषतः मुंबईत झाले. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी त्यांची लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. त्याचा ठपका पाच वर्षे हाफकिन यांच्यावर राहिला आणि पुढे तो दूर झाला तरी त्यांचे मुंबईतील काम त्यांना परत मिळाले नाही. गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या आतड्यात वास करणाऱ्या एका जंतूमुळे हा प्रसंग ओढवला होता.

सुरुवातीचे जीवन

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या नोव्होरोस्सिस्क विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. पुढे रोगप्रतिकारशास्त्राचे एक प्रवर्तक म्हणून नावाजलेले इल्या मेच्निकोव हे तेथे त्यांचे गुरू होते. त्या काळी रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर वारंवार हल्ले होत. तरुण हाफकिन ज्यूंच्या स्वसंरक्षण दलात सामील झाले आणि झारविरोधी चळवळीशीही त्यांचा संबंध आला. यामुळे त्यांना अटक झाली. पदवीनंतर ते ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे प्राण्यांच्या नमुन्यांच्या वस्तुसंग्रहालयात, काम करीत. विद्यापीठात अध्यापकपद हवे असेल तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागेल, अशी अट त्यांना घालण्यात आली. ती त्यांनी नाकारली आणि १८८८ साली रशिया सोडला.

त्यांचे सुरुवातीचे संशोधन रोगजंतूंवरचे नव्हते. पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या केंद्रकात शिरून वाढणाऱ्या होलोस्पोरा या जिवाणूचे वर्णन त्यांनी १८९० साली केले. एका जीवाच्या देहात दुसरा सूक्ष्म जीव कसा घर करतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे लस तयार करण्याच्या आधीपासून होता.

पॅरिस आणि पटकीची लस

जिनीव्हा येथे काही काळ घालवून हाफकिन १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. मेच्निकोव तेथे आधीच पोहोचले होते. हाफकिन यांना सुरुवातीला मिळाली ती जागा साहाय्यक ग्रंथपालाची. अलेक्झांडर येर्सिन हे संशोधक पूर्वेकडे निघून गेल्यावर एमिल रू यांच्या प्रयोगशाळेतील त्यांची जागा हाफकिन यांना मिळाली. याच येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला आणि पुढे तो जंतू येर्सिनिया पेस्टिस या नावाने ओळखला जाऊ लागला.

पटकीच्या जंतूला गिनीपिगच्या उदरपोकळीत एकामागून एक अनेक वेळा वाढवून हाफकिन यांनी त्याची तीव्रता वाढवली. त्याच जंतूचा दुसरा, सौम्य केलेला प्रकार त्यांनी ३९ अंश सेल्सिअस तापमानात वाढवून मिळवला. आधी सौम्य आणि काही दिवसांनी तीव्र, अशा दोन टोचण्यांची ही पद्धत होती. १८ जुलै, १८९२ रोजी त्यांनी पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. ताप आणि टोचल्या जागी वेदना एवढाच त्रास त्यांना झाला. त्यानंतर काही मित्रांनीही लस टोचून घेतली. पटकीची साथ ज्या देशात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली होती त्या देशातच लसीची परीक्षा व्हायला हवी, हे उघड होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या मध्यस्थीने हाफकिन यांचा भारताचा मार्ग मोकळा झाला.

मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले. पुढच्या सुमारे अडीच वर्षांत उत्तर भारत, बंगाल व आसामच्या चहामळ्यांत फिरून त्यांनी सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली. परक्या देशातून आलेला, वैद्यकाची पदवी नसलेला, रशियन वळणाचे इंग्रजी बोलणारा हा गृहस्थ सरकारी वैद्यकीय खात्याला आपला वाटला नाही. कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी मात्र त्यांना मनापासून साथ दिली. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या कुटुंबांतील काहींना लस टोचायची, इतरांना नाही आणि दोघांची तुलना करायची, ही त्यांची रीत होती. लसीचे मोल मोजण्याचा हा मार्ग त्या काळात नवा होता आणि इतरांच्या पुष्कळ पुढचा होता. १८९५ मध्ये हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे ते युरोपात परतले आणि १८९६ मध्ये पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांतून या रोगाला ग्रंथिक सन्निपात असेही म्हटले जाई. ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईस पाठवण्यात आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली आणि तिच्या बाहेरची पडवी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. एवढ्या सामग्रीवर सुमारे तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली.

१० जानेवारी, १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस पुन्हा आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे लोकांना जेवढी मात्रा द्यायची ठरली तिच्या कितीतरी पट मोठी मात्रा त्यांनी घेतली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथील निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस टोचून घेतली. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ आजारी पडले आणि दोघेही वाचले.

दमणमध्ये १८९७ सालच्या साथीत लस न घेतलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा लोक मृत्युमुखी पडले, तर लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले. बडोदे संस्थानातील उंधेरा गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन यांनी घरोघरची माणसे निम्मी-निम्मी विभागून लस दिली. लस दिलेल्या ७१ जणांपैकी ३ मरण पावले, न दिलेल्या ६४ जणांपैकी २६. मुंबईतील खोजा समाजात आगाखान तिसरे यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि त्यामुळे हजारो खोजा पुढे आले. हुबळी-धारवाड भागातही मोठ्या प्रमाणावर टोचणी झाली.

हा काळ प्लेगच्या निमित्ताने होणाऱ्या सरकारी सक्तीचा होता. पुण्यात घराघरांत शिरून होणाऱ्या तपासण्यांमुळे लोक संतापले होते आणि २२ जून, १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी वॉल्टर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सक्तीने अलग ठेवणे आणि घरे रिकामी करणे यांपेक्षा ऐच्छिक टोचणी बरी, असे हाफकिन यांचे मत होते. साथीचे नियंत्रण करणाऱ्या अधिकाऱ्यांना हे मत रुचले नाही. तरीही १८९७ मध्येच त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला.

प्रयोगशाळेची जागा वाढत्या कामामुळे वारंवार बदलली. आगाखानांच्या खुश्रू लॉज या वास्तूतही ती काही काळ होती. अखेर १० ऑगस्ट, १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. १८८०च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा याच वास्तूत पटकीने मृत्यू झाला होता आणि त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला होता. पटकीवर लस काढणाऱ्या संशोधकाला तीच वास्तू मिळाली, हा योगायोग म्हणायचा.

बोकडाचे मांस, तूप आणि लस

प्लेगचा जंतू वाढवण्यासाठी मांसाचे सूप लागे. युरोपात ते गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचे केले जाई. असे सूप वापरलेली लस हिंदू व मुसलमान दोघेही नाकारतील हे ओळखून हाफकिन यांनी बोकडाचे मांस घेतले. ते हायड्रोक्लोरिक आम्लात जिरवून, नंतर त्याचा आंबटपणा घालवून त्यांनी वाढद्रव्य तयार केले.

या सुपाच्या पृष्ठभागावर ते तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडत. प्लेगचे जंतू या थेंबांच्या खालच्या बाजूला चिकटून वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणे खाली उतरत. चंबू हलवला की हे नाजूक सुळके तुटून तळाशी बसत आणि वर नवे धरत. पाच-सहा आठवडे असे चालल्यावर जंतूंचे दाट पीक हाती येई. मग चंबू ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारले जात आणि बाहेरचा जंतू शिरला तर तो वाढू नये म्हणून त्यात थोडे कार्बॉलिक आम्ल घातले जाई. या लसीत जिवंत जंतू नव्हते. पटकीच्या लसीहून ही मोठीच वेगळी गोष्ट होती.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले आणि तेथील सरकारने लाखो मात्रांची मागणी केली. एवढी लस जुन्या पद्धतीने वेळेत होणे शक्य नव्हते. म्हणून हाफकिन यांनी जंतू अगार या घट्ट माध्यमावर वाढवून पाण्यात उतरवण्याची जलद पद्धत सुरू केली आणि कार्बॉलिक आम्ल वगळले. नीट तापवणे पुरेसे आहे, असा त्यांचा विश्वास होता आणि पाश्चर संस्थेतही तशीच प्रथा होती. हाच बदल पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहिला.

मुलकोवाल दुर्घटना

३० ऑक्टोबर, १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल (सध्या पाकिस्तानात) येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या उघडल्या होत्या. आठवडाभराने त्यांतील १९ जणांना जबडा आखडणे, पाठ धनुष्यासारखी ताठणे अशी धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि सर्वच्या सर्व मरण पावले. या सर्वांना ५३-एन या एकाच बाटलीतील लस मिळाली होती. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच ती दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि कार्बॉलिक आम्ल वगळल्याबद्दल हाफकिन यांना दोष दिला. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करून बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले. ते इंग्लंडला गेले. पंजाबातील टोचणीची मोहीम कोलमडली. लोकांचा लसीवरचा विश्वास उडाला आणि साथ मात्र थांबली नाही. १९०७ या एका वर्षात भारतात प्लेगने बारा लाखांहून अधिक माणसे मेली. मुलकोवालचे १९ मृत्यू आणि लसीच्या भीतीने टोचणी टाळलेल्यांचे मृत्यू यांचा हिशेब कोणत्याही आयोगाने एकत्र मांडला नाही.

आयोगासमोर झालेल्या साक्षींत एक गोष्ट नोंदली गेली होती. मुलकोवालमध्ये बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्याऐवजी नुसता कार्बॉलिक द्रावात बुचकळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू घोडे, गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्या आतड्यात असतात आणि शेणा-लिदीतून मातीत उतरतात. ते वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि उकळत्या पाण्यातही काही काळ तग धरतात. सौम्य कार्बॉलिकमध्ये क्षणभर बुडवल्याने ते मरत नाहीत. गुरे बांधलेल्या अंगणाची माती ज्याने पाहिली आहे त्याला या साक्षीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तरीही आयोगाने तिला फारसे वजन दिले नाही. हे कागद १९०६ च्या अखेरीपर्यंत लोकांसमोर आलेच नाहीत.

ते प्रसिद्ध होताच हिवतापावरील संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी लेखणी उचलली. सिम्पसन यांनीही हाफकिन यांची बाजू मांडली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. बाटली मुंबईत दूषित झाली असती तर ती उघडेपर्यंतच्या आठवड्यांत धनुर्वाताच्या जंतूंनी तिच्यात भरपूर विष तयार केले असते. अशा वाढीला घाणेरडा वास येतो. बाटलीला तसा वास नव्हता. शिवाय तयार विष टोचले गेले असते तर लक्षणे याहून लवकर दिसली असती. लक्षणे आठवडाभराने दिसली, याचा अर्थ बाटलीत ताजे, थोडेसेच बीजाणू शिरले होते आणि ते माणसांच्या शरीरात वाढले. जुलै १९०७ मध्ये ब्रिटन व अमेरिकेतील अनेक नामवंत जिवाणुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. ब्रिटिश संसदेतही प्रश्न विचारले गेले. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन यांना दोषमुक्त करून पुन्हा नोकरीवर घेण्यात आले. फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाशी या प्रकरणाची तुलना तेव्हापासून होत आली आहे.

अखेरची वर्षे

परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद तोवर दुसऱ्याकडे गेले होते. हाफकिन यांना कलकत्त्यात नेमणूक मिळाली. तेथे त्यांनी पटकीची मृत जंतूंपासून केलेली लस तयार करण्याचा प्रयत्न केला. पण लोकांवर तिची परीक्षा घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. त्यांच्या नावावर त्या काळातले फारसे संशोधन नाही. पंचावन्न वर्षे पूर्ण होताच, १९१५ मध्ये, ते सेवानिवृत्त झाले आणि भारत सोडला.

उरलेले आयुष्य त्यांनी प्रामुख्याने फ्रान्समध्ये घालवले. विज्ञानापेक्षा धर्माकडे त्यांचा ओढा वाढला. परंपरेने सांगितलेले ज्यू आचार ते काटेकोरपणे पाळू लागले आणि त्या आचारांचा पुरस्कार करणारा लेख त्यांनी १९१६ मध्ये लिहिला. ते अविवाहित होते. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहायला गेले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांसाठी निधी स्थापून दिली. २६ ऑक्टोबर, १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा आणि १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे झाले. १८९७ ते १९२५ या काळात या संस्थेतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. लसनिर्मितीसाठी १९७५ मध्ये हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्वतंत्रपणे स्थापन करण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्यावर तिकीट काढले.

हाफकिन यांचे जंतू आणि त्यांचे जनुकसंच

ज्या तीन जंतूंनी हाफकिन यांचे आयुष्य घडवले आणि मोडले, त्यांचे संपूर्ण जनुकसंच २००० ते २००३ या चार वर्षांत वाचले गेले. जनुकसंच वाचणे म्हणजे जंतूच्या डीएनएमधील चार रासायनिक अक्षरांचा क्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावणे.

पटकीचा जंतू २००० साली पहिल्यांदा वाचला गेला. बहुतेक जिवाणूंना एकच गुणसूत्र असते. पटकीच्या जंतूला दोन निघाली आणि त्यांवर मिळून सुमारे ४० लाख अक्षरे होती. प्लेगच्या जंतूचा जनुकसंच २००१ मध्ये इंग्लंडमधील सँगर संस्थेने प्रसिद्ध केला. मुख्य गुणसूत्राची अक्षरे सुमारे ४६ लाख ५० हजार असून त्याबरोबर प्लाझ्मिड नावाची डीएनएची तीन छोटी कडी आढळली. यात सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे निकामी झालेली जनुके. ती दीडशेच्या आसपास आहेत. आतड्याच्या अस्तराला चिकटून राहण्यासाठी लागणारी जनुके त्यांत आहेत. २००४ मध्ये येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस या जंतूशी तुलना झाल्यावर या अवशेषांचा उलगडा झाला. हा जंतू प्राण्यांच्या व माणसांच्या आतड्यात राहतो आणि सहसा पोटदुखी व ताप एवढाच त्रास देतो. प्लेगचा जंतू म्हणजे त्याचाच काही हजार वर्षांपूर्वी वेगळा झालेला वंशज होय. पिसवांच्या आतड्यात टिकण्याची आणि माणसाच्या रक्तात शिरण्याची साधने त्याने बाहेरून मिळालेल्या प्लाझ्मिडांवरून घेतली आणि जुने आतड्यातले घर सोडले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात व सुरतेत प्लेग पुन्हा डोके वर काढतो की काय अशी धास्ती पसरली, तेव्हा अशा वाचनाची सोय अजून नव्हती.

मुलकोवालचा जंतू, म्हणजे धनुर्वाताचा क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी, २००३ मध्ये जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे वाचला गेला. त्याचे गुणसूत्र सुमारे २८ लाख अक्षरांचे आहे. धनुर्वात घडवणाऱ्या विषाचे जनुक मात्र त्यावर नाही. ते सुमारे ७४ हजार अक्षरांच्या एका प्लाझ्मिडवर आहे. ते कडे गळून पडले तर उरतो तो विष तयार न करणारा जंतू. याच कुळातील क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू एमिल व्हान एर्मेन्गेम यांनी बेल्जियममध्ये १८९५ साली खारवलेल्या, नासलेल्या डुकराच्या मांसातून शोधून काढला होता. त्याचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही जंतूंना हवेचे वावडे असते, दोघेही बीजाणू धरतात आणि दोघांची विषे रचनेने सख्ख्या भावंडांसारखी आहेत.

रॉस यांना वास, दिवस आणि लक्षणे यांवरून जे सिद्ध करावे लागले ते आज जनुकवाचनाने तपासता येते. बाटलीतील, चिमट्यावरील, अंगणातील मातीतील आणि रुग्णांच्या जखमेतील जंतू वेगवेगळे वाचून त्यांचे नाते अक्षर-अक्षर ताडून पाहतात. दूषित अन्नाच्या आणि रुग्णालयांतील संसर्गाच्या तपासात ही रीत आता रूढ आहे. ग्यॉटिंगेन येथे वाचलेला धनुर्वाताचा ई-८८ हा वाण धनुर्वाताची लस तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाणाचाच एक प्रकार आहे.